प्रस्तावना : वाहत्या नोंदी, दूरची उत्तरे

तापीचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातला जवळपास ऐंशी टक्के भाग महाराष्ट्रात येतो. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावलेली नदी बऱ्हाणपूर, भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा करत उकाईच्या जलाशयात उतरते. तिथून सुरत शंभरेक किलोमीटरवर. पाऊस पडतो वऱ्हाड-खानदेशात आणि पूर येतो सुरतेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडले गेले, तेव्हा शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. नंतरच्या वर्षांत नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतली अनेक कुटुंबे तापीच्या उत्तरेला, अमरोलीच्या पुढे, कोसाडच्या आवास वसाहतीत हलवली गेली. हे पुस्तक त्याच कोसाडमध्ये लिहिले आहे. त्यामुळे त्यातले मुख्य उदाहरण तापीचे असावे, हे मला पहिल्यापासून स्पष्ट होते.

पुराच्या दिवसांत काय घडते ते पाहा. बऱ्हाणपूरची पातळी येते, हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले ते कळते, गिधाडे आणि सारंगखेड्याचे आकडे येतात. तासातासाला नवी नोंद येत राहते, कोणी मागो वा न मागो. पण नुसत्या नोंदीवरून निर्णय घेता येत नाही. उकाईत आत्ता जागा किती आहे? हे पाणी तिथे किती तासांनी पोचेल? सोडलेले पाणी सुरतेत येईल त्या वेळी खंभातच्या आखातात भरती असेल की ओहोटी? या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या खात्यांकडे, निरनिराळ्या यंत्रणांत असतात आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाहीत. आपोआप येत राहणाऱ्या नोंदी एकीकडे, विचारल्यावरच बोलणारी सेवा दुसरीकडे. संगणकाच्या जगात पहिलीला स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणतात, दुसरीला रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे आरपीसी. ही दोन जगे जोडायची कशी, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण मोठ्या यंत्रणा कोलमडतात त्या पुष्कळदा नेमक्या याच सांध्यावर, असे माझे ठाम मत आहे.

दोन्ही परंपरा वेगवेगळ्या घरांत वाढल्या, म्हणून त्यांचा इतिहास वेगवेगळा सांगावा लागतो.

दूरच्या यंत्रावरचे काम आपल्याच प्रोग्राममधल्या फंक्शनसारखे बोलावता यावे, ही कल्पना १९७६ मध्ये जेम्स व्हाइट यांनी आर्पानेटसाठी लिहिलेल्या एका टिपणात मांडलेली सापडते. ब्रूस नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८१ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. मग झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि नेल्सन यांनी ती कल्पना प्रत्यक्ष उतरवली आणि १९८४ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. तो लेख आजही जसाच्या तसा वाचण्यासारखा आहे. बोलावणाऱ्याच्या बाजूला एक प्रतिनिधी तुकडा, पलीकडे तसाच दुसरा, मध्ये तार. लिहिणाऱ्याला तार दिसू नये, ही त्यातली मोहिनी. सन कंपनीने याच पायावर जाळ्यावरच्या फाइली वापरण्याची सोय केली. पुढे कोर्बा आली, जावाची स्वतःची पद्धत आली, एक्सएमएलवर चालणाऱ्या जडशीळ वेब सेवा आल्या. त्यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

गरज आहे ती १९९४ च्या एका आक्षेपाची. सन कंपनीच्याच प्रयोगशाळेतल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की दूरचे काम जवळच्यासारखे भासवणे ही मुळातच चूक आहे. जवळचे फंक्शन चालते, किंवा सगळा प्रोग्रामच बंद पडतो. दूरचे फंक्शन मात्र अर्धवट बंद पडू शकते: विनंती पोचली, काम झाले, पण उत्तर परतताना हरवले. बोलावणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. तीसेक वर्षांनंतर फेसबुकची थ्रिफ्ट आहे, गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली जीआरपीसी आहे, वेग शेकडो पटींनी वाढला आहे. वाल्डोंचा आक्षेप तसाच उभा आहे. या पुस्तकाचे अर्धे बळ त्या आक्षेपातून आले आहे.

दुसऱ्या घराची गोष्ट डेटाबेसवाल्यांपासून सुरू होते. नेहमीच्या डेटाबेसमध्ये माहिती स्थिर असते आणि प्रश्न येतात-जातात. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत काही विद्यापीठांनी हे उलटे करून पाहिले: प्रश्न कायम ठेवायचा आणि माहिती त्याच्यासमोरून जाऊ द्यायची. ब्रँडाइस, ब्राउन आणि एमआयटी यांचा अरोरा, स्टॅनफर्डचा स्ट्रीम, बर्कलीचा टेलिग्राफसीक्यू हे त्या काळचे प्रकल्प. विचार पक्का होता, पण त्याला लागणारी प्रचंड माहिती तेव्हा विद्यापीठांकडे नव्हती. ती पुढे वेबवरच्या कंपन्यांकडे साठली. नेथन मार्झ यांनी बॅकटाइप कंपनीत लिहिलेला स्टॉर्म ट्विटरने ती कंपनी घेतल्यावर सप्टेंबर २०११ मध्ये खुला केला, आणि साधा प्रोग्रामरही वाहत्या नोंदींवर काम करू लागला.

त्याच वर्षी लिंक्डइनमधून काफ्का खुला झाला. जे क्रेप्स आणि जुन राव यांच्यासोबत तो घडवणाऱ्या नेहा नारखेडे पुण्याच्या. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात घेऊन त्या जॉर्जिया टेकला गेल्या, आणि २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटावा हे साहजिकच आहे, पण त्याहून महत्त्वाची आहे ती काफ्कामागची कल्पना. तिथे नोंद वाचली की पुसली जात नाही. ती ओळीने वहीत लिहिली जाते आणि ज्याला हवी तो आपल्या गतीने वाचतो, हवे तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. पुन्हा वाचता येणे ही काफ्काची खरी ताकद. दूरच्या सेवांशी त्याचे भांडण होते तेही नेमके याच गुणामुळे, हे पुढे दिसेल.

या क्षेत्रातली घराणी साधारण तीन. पहिले घराणे एकेक नोंद आली की लगेच हाताळणारे. स्टॉर्म आणि बर्लिनच्या स्ट्रॅटोस्फिअर प्रकल्पातून निघालेला फ्लिंक त्यातले. दुसरे बर्कलीच्या स्पार्क स्ट्रीमिंगचे, २०१३ पासूनचे. ते नोंदींचे छोटे छोटे गठ्ठे बांधून प्रत्येक गठ्ठ्यावर नेहमीसारखा हिशेब चालवते. तिसरे वहीलाच केंद्रस्थानी मानणारे काफ्काचे. यांच्यातले बरेचसे वाद आता मिटले आहेत आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे चांगले ते घेतले आहे. गूगलच्या मिलव्हील (२०१३) आणि डेटाफ्लो (२०१५) या लेखांनी मात्र सगळ्यांनाच एक गोष्ट शिकवली: घटना घडल्याची वेळ आणि नोंद आपल्यापर्यंत पोचल्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. गिधाड्याची पहाटे दोनची पातळी संपर्क तुटल्यामुळे पाच वाजता आली, तर ती पाचची पातळी होत नाही. तिचा हिशेब दोनच्या घरातच मांडला पाहिजे, आणि त्यासाठी किती वेळ वाट पाहायची तेही ठरवले पाहिजे.

आता सांध्याकडे येतो. यात चार अडचणी आहेत, आणि त्या एकाच तोलाच्या नाहीत.

पहिली अडचण वेगाची. ती सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. समजा दूरच्या सेवेला उत्तर द्यायला ५० मिलिसेकंद लागतात. एक नोंद घेतली, विचारले, थांबलो, उत्तर आले, पुढची घेतली, असे केले तर सेकंदाला २० नोंदी होतात. येतात २,००० असतील, तर एका वेळी १०० प्रश्न वाटेवर असले पाहिजेत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम हेच सांगतो: येण्याचा दर गुणिले लागणारा वेळ म्हणजे मध्ये अडकलेल्यांची संख्या. फ्लिंकने २०१७ च्या १.२ आवृत्तीत यासाठी उत्तराची वाट न पाहता पुढे जाण्याची सोय आणली. ती अलीबाबाच्या अभियंत्यांनी दिली होती. उत्तरे आली त्या क्रमाने पुढे सोडायची की नोंदींचा मूळ क्रम राखायचा, एका वेळी किती प्रश्न बाहेर असू द्यायचे आणि किती वेळाने नाद सोडायचा, हे तीन निर्णय तिथे उघडपणे घ्यावे लागतात. पण हाच हिशेब सेवा मंदावल्यावर करून पाहा. ५० मिलिसेकंदांचे दोन सेकंद झाले की २,००० नोंदींसाठी ४,००० प्रश्न वाटेवर ठेवावे लागतील. मर्यादा १०० चीच ठेवली तर सेकंदाला ५० नोंदीच निघतील आणि उरलेल्या १,९५० दर सेकंदाला मागे साचत जातील. मर्यादा काढून टाकली तर आधीच दमलेल्या सेवेवर आपणच तुटून पडू. त्यामुळे मर्यादा ठेवायची, साचू द्यायचे आणि मागच्याला सावकाश जायला सांगायचे. दुसरा शहाणपणाचा मार्ग नाही.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. स्ट्रीम यंत्रणा मध्ये पडली की ती शेवटच्या साठवलेल्या टप्प्यावर परत जाते आणि तिथपासूनच्या नोंदी पुन्हा वाचते. मणि चंडी आणि लेस्ली लँपोर्ट यांच्या १९८५ च्या लेखातली सर्व यंत्रांचे एकसंध चित्र टिपण्याची युक्ती यामागे आहे. यंत्रणेच्या आतला हिशेब त्यामुळे अचूक राहतो: प्रत्येक नोंद एकदाच मोजली गेली असाच तो दिसतो. काफ्कानेही २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून ही हमी दिली. पण ती हमी उंबऱ्याच्या आतली आहे. दरम्यान बाहेरच्या सेवेला केलेले कॉल मागे घेता येत नाहीत. त्या नोंदी पुन्हा वाचल्या की संदेश दुसऱ्यांदा जाईल, पैसे दुसऱ्यांदा कापले जातील. प्रत्येक कॉलसोबत त्या नोंदीचा न बदलणारा क्रमांक पाठवायचा आणि सेवेने तो आधी पाहिला असेल तर काम न करता जुनेच उत्तर द्यायचे, हा त्यावरचा उपाय. उपाय सोपा आहे, पण तो सेवेच्या बाजूला करावा लागतो, आणि सेवा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीची असते.

तिसरी अडचण न आलेल्या उत्तराची. यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत आहे: खात्यातून रक्कम गेली, समोरच्याला पोचली नाही आणि फोनवर ‘पेंडिंग’. हे यश नाही आणि अपयशही नाही, ही तिसरी स्थिती आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा व्यवहारासाठी मुदत घालून दिली: अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, नंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. मला हे परिपत्रक अभियंत्यांनी वाचावेसे वाटते, कारण त्यात ती तिसरी स्थिती मान्य केली आहे, तिला नाव दिले आहे आणि तिचा शेवट कधी नि कसा होईल ते आधीच ठरवले आहे. आपल्या प्रोग्राममध्ये हे बहुतेक वेळा ठरवलेले नसते. टाइमआउट झाला की अपयश धरायचे आणि पुन्हा विचारायचे, एवढ्यावर भागवले जाते.

चौथी अडचण काळाची. माझ्या मते सर्वांत खोल हीच, आणि सर्वांत कमी चर्चाही हिचीच होते. पहाटे दोनची गिधाड्याची नोंद पाच वाजता आली आणि आपण उकाईच्या सेवेला विचारले, ‘जागा किती?’ तर उत्तर पाचचे येईल. दोनच्या प्रश्नाला पाचचे उत्तर. पूर ओसरल्यावर तीच वही पहिल्यापासून पुन्हा चालवून अंदाज कुठे चुकला ते शोधायला बसलो, तर सेवा ऑक्टोबरमधली पातळी सांगेल आणि सगळा अभ्यास निरर्थक होईल. काफ्काने दिलेली पुन्हा वाचण्याची ताकद ज्या क्षणी आपण बाहेर प्रश्न विचारतो त्या क्षणी निसटते. म्हणून सेवेला विचारताना ‘कोणत्या वेळचे उत्तर हवे’ हेही विचारता आले पाहिजे. ते शक्य नसेल तर मिळालेले प्रत्येक उत्तर, केव्हा मिळाले त्यासकट, वहीत लिहून ठेवले पाहिजे. पुढच्या वाचनात सेवेला न विचारता वहीतले उत्तर घ्यायचे.

या अडचणींतून जोडणीच्या निरनिराळ्या रीती तयार झाल्या. सर्वांत जुनी म्हणजे प्रवाहाच्या पोटातूनच सेवेला कॉल करणे. दुसरी म्हणजे सेवेकडची माहितीच प्रवाहात आणणे: तिच्या डेटाबेसमधला प्रत्येक बदल डेबेझियमसारख्या साधनाने वहीत यायचा, आपल्या बाजूला त्याची ताजी प्रत ठेवायची आणि दूर विचारायचेच नाही. तिसऱ्या रीतीत प्रश्नही नोंद म्हणून एका वहीत लिहायचा आणि उत्तर दुसऱ्या वहीतून यायचे. कोणी कोणासाठी थांबत नाही, पण कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे जुळवावे लागते. चौथी रीत उलट दिशेची आहे: बाहेरून नेहमीसारखा आरपीसी येतो, त्याचे काम आतली स्ट्रीम यंत्रणा अनेक यंत्रांवर वाटून करते आणि उत्तर परत देते. स्टॉर्ममध्ये ही सोय डीआरपीसी नावाने, थ्रिफ्टच्या आधारावर होती.

माझा कल दुसऱ्या रीतीकडे आहे, आणि पुस्तकभर तो दिसेल. माहिती जवळ आणली की वेगाचा प्रश्न सुटतो, काळाचाही सुटतो, कारण बदलांच्या वहीत प्रत्येक बदलाची वेळ असते. पण हे नेहमी जमत नाही, आणि ते तंत्रज्ञानापेक्षा मालकीवर अवलंबून असते. धरणाच्या कोणत्या पातळीला किती साठा हा तक्ता आपल्याकडे आणता येतो. पाणी किती तासांनी पोचेल हे सांगणारे गणिती प्रारूप दुसऱ्या खात्याच्या यंत्रावर चालते. ते उचलून आणता येत नाही. बँक आपल्या ग्राहकांच्या शिलकीची प्रत कोणालाही देणार नाही, देऊही नये. म्हणून नवा प्रकल्प हाती घेताना फ्लिंक की काफ्का हा प्रश्न मागे ठेवावा. आधी एक तक्ता करावा: कोणती माहिती कोणाची, ती किती वेगाने बदलते आणि जुनी चालते का. निम्मी रचना त्या तक्त्यातच ठरते.

हा विषय आत्ताच मांडायला हवा याची कारणे आजूबाजूला आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांनी महिन्याला १,००० कोटींचा आकडा पहिल्यांदा ओलांडला; सरासरीने सेकंदाला साडेतीन हजारांहून अधिक. कोसाड स्टेशनावरून मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या गाड्या जातात. इस्रोच्या मदतीने उभारलेल्या आरटीआयएस प्रणालीत इंजिनावरचे उपकरण उपग्रहाच्या आधारे गाडीचा ठावठिकाणा दर ३० सेकंदांनी कळवते. नोंदींचे असे प्रवाह आता सगळीकडे आहेत. त्यांना अर्थ देण्यासाठी ज्या सेवेला विचारायचे ती मात्र बदलली आहे. पूर्वी तो बहुधा डेटाबेस असे, आता पुष्कळदा यंत्रशिक्षणाचे मॉडेल असते, आणि मोठ्या भाषा-मॉडेलला उत्तर द्यायला मिलिसेकंद नव्हे, काही सेकंद लागू शकतात. वर केलेला दोन सेकंदांचा हिशेब त्यामुळे अपवादाचा राहिलेला नाही.

पुस्तक मराठीत का, हेही सांगतो. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली लाखो माणसे राहतात. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी माध्यमातही चालतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतून दर वर्षी संगणकाची पदवी घेऊन मुले-मुली बाहेर पडतात. त्यांना ही साधने चालवता येतात, कारण त्यांची माहितीपत्रके इंग्रजीत भरपूर आहेत. पण सांध्यावर काय मोडते आणि का मोडते, याचा सलग विचार आपल्या भाषेत वाचायला मिळत नाही. विचार आपल्या भाषेत झाला की तो सहकाऱ्याशी भांडून पाहता येतो. प्रचलित शब्द मी बदललेले नाहीत: सर्व्हर, टाइमआउट, क्यू हे तसेच ठेवले आहेत.

पुस्तकात कोणत्याही एका साधनाचे प्रशिक्षण नाही. आवृत्त्या बदलतात, आज्ञा बदलतात. त्यासाठी त्या त्या साधनाची माहितीपत्रके आहेत. इथे एकच काल्पनिक पूर-सूचना यंत्रणा पहिल्यापासून शेवटपर्यंत उभारली आहे. नदीवरची ठिकाणे खरी आहेत, यंत्रणा आणि तिच्यातले आकडे सरावासाठी रचलेले आहेत. प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्या कोणत्याही खात्याची रचना ती नाही. वर सांगितलेल्या चारही रीतींनी तीच यंत्रणा बांधली आहे आणि प्रत्येक रीत कुठे तुटते ते दाखवले आहे. वाचकाला एखादी प्रोग्रामिंगची भाषा येत असावी, एवढीच अपेक्षा. सुरक्षितता आणि परवानग्यांचा विषय मी बाहेर ठेवला आहे. त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल.

वाचकांना एक विनंती. यातले प्रयोग नुसते वाचू नका, चालवा. आणि चालवताना दूरची सेवा मुद्दाम मंद करा, मध्येच बंद पाडा, तिचे उत्तर वाटेत हरवू द्या. त्यानंतर वहीत कोणती नोंद दोनदा आली आणि कोणती आलीच नाही ते स्वतः मोजा. तुमची मोजणी पुस्तकातल्या मोजणीशी जुळली नाही, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली जाईल.

कोसाड, सुरत